महापौर शब्दातला ‘पौर’ कोण?

प्रश्न ऐरोलीच्या एका शिक्षिकेचा आहे. त्या सहावीला नागरिकशास्त्र शिकवतात. स्थानिक शासन संस्थांचा धडा चालू असताना एका मुलीने विचारलं, “बाई, गावाला सरपंच, नगरपालिकेला नगराध्यक्ष, मग महानगरपालिकेला महानगराध्यक्ष का नाही? महापौरच का? आणि पौर म्हणजे काय?” मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, महापौरपदावर बाई असल्या तर ‘महापौरा’ म्हणायचं का? तिसऱ्याने सांगितलं की पौर म्हणजे पौरव, म्हणजे महापौर हा राजाच. बाईंनी मला या तिन्हींचा सविस्तर खुलासा मागितला आहे. शिवाय मुलांना शाळेसमोरच्या रस्त्याबद्दल पत्र लिहायचं आहे, ते कुणाला आणि कसं लिहावं, हेही विचारलं आहे.

ताई, गेली तीस वर्षं मी ठाण्यात राहून सरकारी आणि निमसरकारी कागदांचं भाषांतर आणि मुद्रितशोधन करतो. ठराव, गोषवारे, इतिवृत्तं, निविदा, जाहीर सूचना, निमंत्रणपत्रिका, कोनशिलेचे मजकूर, सगळं हाताखालून गेलं आहे. महापौर हा शब्द मी किती हजार वेळा तपासला असेल, मोजदाद नाही. तरी तुमच्या विद्यार्थिनीसारखा प्रश्न मला फार क्वचित कुणी विचारला. शब्द रोजच्या वापरातला झाला की त्याच्या आत डोकावायचं राहून जातं.

आधी फोड. पुर म्हणजे शहर. पुरात राहणारा तो पौर. पौरांमध्ये मोठा तो महापौर. बस्स, इतकंच.

आता पुर पासून पौर कसा झाला, हे मुलांना सहज पटवता येतं, कारण त्याच साच्यातले शब्द त्यांना माहीत असतात. पुत्राचा मुलगा तो पौत्र. कुरूच्या कुळातला तो कौरव. पुराणातला तो पौराणिक. शिवाचा भक्त तो शैव. नगरात राहणारा तो नागर. मूळ शब्दाचा पहिला स्वर वाढतो, म्हणजे उ चा औ होतो, इ चा ऐ होतो, अ चा आ होतो, आणि ‘त्याचा’, ‘तिथला’, ‘त्यापासूनचा’ असा अर्थ मिळतो. संस्कृत व्याकरणात याला वृद्धी म्हणतात. फळ्यावर पुत्र–पौत्र आणि त्याखाली पुर–पौर असं लिहा, पुढचं वर्ग स्वतःच सांगेल.

त्या तिसऱ्या मुलाची शंका याच नियमाने सुटते. पौरव आणि पौर हे दोन वेगळे शब्द आहेत. पौरव हा पुरु या राजाच्या वंशातला. दुष्यंत पौरव होता, तो पुरूचा वंशज म्हणून. पौर हा पुरातला, वंश कुठलाही असो. म्हणजे नेमकं उलटं आहे: एकात रक्ताचं नातं मोजलेलं, दुसऱ्यात फक्त पत्ता. राजा असण्याशी पौराचा काही संबंध नाही. पौर्णिमेचाही नाही, तो शब्द पूर्ण पासून आला. पौरुषाचाही नाही, तो पुरुष पासून. आणि पावसाळ्यात येणारा पूर तर वेगळ्याच धातूचा, भरणे या अर्थाचा.

पुर शब्द मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. सगळ्यात जुन्या संस्कृतात पुर् म्हणजे तटबंदी असलेलं ठिकाण, गढी. शत्रूच्या अशा गढ्या फोडतो म्हणून इंद्राला पुरंदर म्हणतात, आणि आपला पुरंदर किल्लाही तेच नाव मिरवतो. पुढे तटाच्या आतली वस्ती म्हणजे पुर, आणि नंतर तट असो नसो, शहर म्हणजे पुर. नागपूर, सोलापूर, कोल्हापूर ही नावं मुलं सांगतीलच, पण तुमच्या मुलांना आधी बदलापूर आणि बेलापूर आठवू द्या. नवी मुंबई महानगरपालिकेचं मुख्यालय बेलापूरलाच आहे, पाम बीच रस्त्याच्या टोकाला. भाषाशास्त्र सांगतं की ग्रीक भाषेतला ‘पोलिस’, म्हणजे नगर, हा आपल्या पुर् चा दूरचा भाऊ आहे. इंग्रजीतून आलेले पोलीस आणि पॉलिटिक्स हे दोन्ही शब्द त्या ग्रीक शब्दाच्या घरातले. तेव्हा चौकातला पोलीस आणि सभागृहातले महापौर यांच्या नावांचं मूळ फार मागे जाऊन एकच निघतं. हे सांगितलंत तर वर्ग कान टवकारून ऐकेल.

जुन्या ग्रंथांत पौर एकटा फारसा येत नाही, जोडीने येतो. पौरजानपद. पौर म्हणजे शहरातले, जानपद म्हणजे खेड्यापाड्यातले, आणि दोन्ही मिळून राज्यातली सगळी प्रजा. रामायणात ही जोडी अनेकदा भेटते. रामाला युवराज करायचं ठरवताना दशरथ एकटा निर्णय जाहीर करून मोकळा होत नाही, पौरजानपदांना बोलावतो, त्यांचं म्हणणं ऐकतो. पौर हा शब्द तेव्हापासून विचारलं जाण्याच्या जागी उभा असलेला आहे. मला हा शब्द आवडतो तो यासाठी.

आणि हा शब्द आपल्या मातीत फार जुना आहे, हे ठाणेकर म्हणून मला मुद्दाम सांगायचं आहे. उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं तेव्हा ठाण्याला स्थानक, श्रीस्थानक म्हणत. भांडुपला सापडलेला शिलाहार राजा छित्तराज याचा शके ९४८, म्हणजे इ.स. १०२६ चा ताम्रपट प्रसिद्ध आहे. जमिनीचं दान केल्याचा तो लेख आहे, आणि ती जमीन षट्षष्टी नावाच्या विभागातली. षट्षष्टी म्हणजेच आपलं साष्टी बेट. दानपत्रात राजा आधी सांगतो की हे मी कुणाकुणाला जाहीर करतो आहे. मंत्री, पुरोहित, अमात्य अशी यादी येते आणि मग येतात ‘नगरपौरत्रिवर्ग’, म्हणजे नगरातले लोक, त्यांच्या तिन्ही वर्गांसकट. हजार वर्षांपूर्वी या खाडीकाठी राजाने जमिनीचा एक तुकडा दिला, तरी तो पौरांना कळवावा लागत होता. आज महानगरपालिकेच्या महासभेच्या विषयपत्रिकेवर भूखंडाचा विषय येतो तेव्हा मला हा ताम्रपट आठवतो.

एक सावधगिरी इथेच. ठाण्याचं जुनं नाव स्थानक, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शहराच्या चौथ्या भागावर नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव स्थानिक. दोन्हींतलं ‘स्थान’ एकच असलं तरी त्यावरून ठाणे हे त्या अधिकाऱ्याचं गाव वगैरे जोडणी करू नये. अशा जोडण्या ऐकायला गोड असतात आणि मुलांच्या वह्यांत वर्षानुवर्षं टिकतात.

अर्थशास्त्राचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या विषयाच्या नावातच लपलेली एक गोष्ट सांगतो. कौटिल्याकडे शहराच्या मुख्य अधिकाऱ्याला काय म्हणत? ‘नागरिक’. हो, नागरिकशास्त्रातलाच नागरिक. आज ज्याचा अर्थ देशाचा साधा रहिवासी असा आहे, तो शब्द तिथे नगराच्या कारभाऱ्याचं पदनाम आहे. त्याच्या हाताखाली शहराच्या चार भागांवर चार स्थानिक, आणि त्यांच्या हाताखाली दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांवर एकेक गोप. घरात माणसं किती, कोण काय काम करतं, आवक-जावक किती, ही नोंद गोपाने ठेवायची. या नागरिकाची कामं वाचताना आजच्या प्रभाग कार्यालयात बसल्यासारखं वाटतं. रस्त्यावर माती टाकली तर पणाचा, म्हणजे त्या काळच्या नाण्याचा, आठवा हिस्सा दंड. चिखलपाणी तुंबवलं तर पाव पण. राजमार्गावर केलं तर दुप्पट. आगीसाठी प्रत्येक घराने पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडी अशी साधनं तयार ठेवायची, नसली तर दंड. हे मुलांना वाचून दाखवा आणि शाळेतल्या वाळूच्या लाल बादल्या दाखवा.

पण शब्दाचा प्रवास बघा. नागरिक हा कारभारी होता, तो रहिवासी झाला. पौर हा रहिवासी होता, तो ‘महा’ लागून पदाधिकारी झाला. दोन शब्दांनी जागा बदलल्या. म्हणून पाठ्यपुस्तकात ‘महापौर हा शहराचा प्रथम नागरिक असतो’ हे वाक्य येतं, ते शिष्टाचाराचं वाक्य वाटलं तरी खरं तर शब्दार्थ आहे. महापौर याची फोडच ती.

आता तुमच्या विद्यार्थिनीचा मुख्य प्रश्न. महानगराध्यक्ष का नाही?

व्याकरणाने तो शब्द झाला असता. महानगरपालिका हा नगर कुळातला, नगराध्यक्ष, नगरसेवक हेही त्याच कुळातले, आणि मधेच महापौर हा पुर कुळातला पाहुणा. तिला हे खटकलं, याबद्दल तिचं कौतुक करा. कारण आहे ते इतिहासात.

मुंबईत महानगरपालिकेच्या प्रमुखाला १९३१ पर्यंत इंग्रजीत प्रेसिडेंट म्हणत, म्हणजे अध्यक्षच. फिरोजशहा मेहतांनी हे पद भूषवलं तेव्हा ते प्रेसिडेंटच होते. १९३१ मध्ये ते नाव बदलून मेयर झालं आणि बोमन बेहराम हे मुंबईचे पहिले मेयर. कलकत्त्यात हे आधीच घडलं होतं, तिथे १९२४ मध्ये चित्तरंजन दास पहिले मेयर झाले. म्हणजे मराठीला आता अशा शब्दाची गरज पडली जो अध्यक्ष नसेल. प्रेसिडेंट सोडून मेयर घेतला आणि मराठीत पुन्हा अध्यक्षच म्हटलं, तर बदल दिसला कुठे?

त्याच काळात स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, १९२४ ते १९३७. तिथून त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि परकीय शब्दांना मराठी प्रतिशब्द सुचवले. महापौर या शब्दाचं श्रेय त्यांना दिलं जातं. दिनांक, क्रमांक, बोलपट, हुतात्मा हे शब्दही त्यांच्याच नावावर आहेत. भाषांतराच्या कामात मी शेकडो बनवलेले शब्द पाहिले. बरेच कागदावरच राहतात. महापौर चालला, आणि इतका चालला की हिंदीनेही घेतला. का चालला असेल, याबद्दल माझं मत असं: तो उच्चाराला सोपा, चार अक्षरी, म ने सुरू होऊन र ने संपणारा, त्यामुळे मेयर म्हणायची सवय झालेल्या जिभेला परका वाटला नाही. दुसरं म्हणजे त्यात अर्थ उघडा आहे. तिसरं, पौरजन हा शब्द शिकलेल्या मराठी माणसाला कीर्तन-पुराणातून ओळखीचा होता.

सावरकर काही या वाटेवरचे पहिले नव्हेत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच हेतूने. पेशवा हा मुख्य प्रधान, मुजुमदार हा अमात्य, सुरनीस हा सचिव, सरनोबत हा सेनापती, डबीर हा सुमंत, असं पदांचं नवं नामकरण तेव्हा झालं. सचिव हा शब्द आज महानगरपालिकेतही बसलेला आहे, सभेचं कामकाज नोंदवणारा अधिकारी म्हणून. नंतर महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने पदनाम कोश काढला. माझ्या टेबलावर त्याची एक प्रत असते, पाठीला दोनदा कापडी पट्टी चिकटवलेली.

मेयर या शब्दाकडेही एकदा बघून घेऊ. लॅटिनमध्ये ‘मायोर’ म्हणजे अधिक मोठा. त्यावरून फ्रेंच मेर, त्यावरून इंग्रजी मेयर. लष्करातला मेजरही त्याच मुळाचा. लंडनला पहिला मेयर बाराव्या शतकाच्या शेवटी मिळाला. आपल्याकडे हा शब्द न्यायाधीशाच्या वेषातही वावरला: १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे मेयर कोर्टं आली, आणि तिथला मेयर खटले ऐकायचा. स्पॅनिश भाषेत मेयरला अल्काल्दे म्हणतात, तो तर अरबी अल-काझीच. म्हणजे जगात कुणी या पदाला मोठा म्हटलं, कुणी न्याय देणारा म्हटलं.

इथे मला जे सांगायचं आहे ते नीट ऐका, ताई, कारण मुलांपर्यंत हेच पोचावं असं मला वाटतं. मेयर म्हणजे ‘अधिक मोठा’. कुणापेक्षा, कुणातला, ते शब्द सांगत नाही. महापौर सांगतो. मोठा आहे, पण पौर आहे. शहरात राहणारा आहे, पाणीपट्टी आणि घरपट्टी भरणारा आहे, त्याच रस्त्याने जाणारा आहे. म्हणून मी महापौरला मेयरचं भाषांतर मानत नाही. पद तेच राहिलं, पण आपण नाव देताना एक अट जास्त घातली. शब्द डावीकडून वाचला की महा आधी दिसतं. अर्थ लावायचा तो उजवीकडून.

अध्यक्ष या शब्दात ती अट नाही. अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा. वरून नजर ठेवणारा तो अध्यक्ष. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचं नावच अध्यक्षप्रचार आहे, आणि त्यात शेतीचा सीताध्यक्ष, नौकांचा नावध्यक्ष, व्यापाराचा पण्याध्यक्ष अशी खातेप्रमुखांची रांग आहे. ते सगळे राजाने नेमलेले. अध्यक्ष वरून बघतो. पौर आतून बघतो.

आणि तिसरा शब्द आयुक्त. मुलं विचारतील की महापौर मोठे की आयुक्त मोठे. शब्दच उत्तर देतात. आयुक्त म्हणजे कामाला जोडलेला, नेमलेला. युज् म्हणजे जोडणे. अशोकाच्या तिसऱ्या शिलालेखात ‘युत’ नावाचे अधिकारी येतात, गुप्तकाळच्या लेखांत ‘आयुक्तक’ येतो, त्या घराण्यातला हा शब्द. तेव्हा एकाच इमारतीत दोन माणसं बसतात: एक पौरांमधून निवडून आलेला, एक शासनाने नेमलेला. ठाणे आणि नवी मुंबई ज्या कायद्याने चालतात, त्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कामाची वाटणीही अशीच आहे. महापौर सभेचे अध्यक्षस्थान घेतात, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देतात, शहराच्या वतीने पाहुण्यांचं स्वागत करतात. त्यांना नगरसेवक आपल्यातून निवडतात, मुदत अडीच वर्षांची. ठराव अमलात आणणं, कर्मचाऱ्यांकडून काम करून घेणं, निविदा काढणं, हा कार्यकारी अधिकार आयुक्तांचा. पुष्कळ मोठी माणसंसुद्धा ही वाटणी विसरतात आणि महापौरांनी एका रात्रीत खड्डा का बुजवला नाही म्हणून रागावतात.

ठाणे आणि नवी मुंबई यांच्यात एक फरक आहे, तो तुमच्या मुलांना जवळचा वाटेल. ठाण्याला नगरपालिका १८६३ पासून होती. त्यामुळे ठाणेकरांच्या तोंडात नगराध्यक्ष हा शब्द मुरलेला होता. १ ऑक्टोबर १९८२ ला महानगरपालिका झाली आणि निवडणुकीनंतर १९८६ मध्ये सतीश प्रधान पहिले महापौर झाले, तेव्हा जुन्या शब्दाच्या जागी नवा आला. नौपाड्यातली जुनी माणसं कित्येक वर्षं चुकून नगराध्यक्षच म्हणत. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

नवी मुंबईत मधली पायरीच नव्हती. नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १९७० ला आलं, जमिनी संपादित झाल्या, नोड म्हणजे आखीव उपनगरं उभी राहिली, पण ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, सारसोळे या गावांना ग्रामपंचायती आणि सरपंचच माहीत होते. १ जानेवारी १९९२ ला थेट महानगरपालिका आली. म्हणजे आगरी-कोळी गावठाणातला माणूस सरपंचावरून एकदम महापौरावर आला. जुन्या भाषेत बोलायचं तर तो जानपद होता, एका तारखेला पौर झाला. आधी प्रशासक होते, मग १९९५ मध्ये निवडणूक होऊन संजीव नाईक पहिले महापौर झाले. तुमच्या वर्गात गावठाणातली मुलं असतील. त्यांना घरी आजोबांना विचारायला सांगा, महापौर हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलात? ठाण्यातल्या मुलांना याचं उत्तर मिळणं कठीण, तुमच्या मुलांना मिळेल.

आता बाईंना महापौरा म्हणायचं का. नाही. संस्कृतात पौर चं स्त्रीलिंगी रूप पौरी होतं, पौरा नव्हे, त्यामुळे महापौरा हे संस्कृताच्या हिशोबानेही बसत नाही आणि मराठीच्याही नाही. महापौर हे पदनाम आहे, राष्ट्रपती, आयुक्त, सचिव यांच्यासारखं. मराठीची सोय अशी की बाई की पुरुष हे क्रियापद सांगतं. ‘महापौर आले’, ‘महापौर आल्या’. नामाला काही जोडावं लागत नाही. सुलोचना मोदी १९५६ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, तेव्हाही त्या महापौरच. सभागृहात बोलताना ‘महापौर महोदया’ म्हणतात, ते योग्य. ‘महिला महापौर’ हे फक्त आरक्षणाच्या सोडतीबद्दल बोलताना लिहावं, एरवी नको. पुरुषाला आपण पुरुष महापौर म्हणत नाही.

लेखनाची एक चूक मात्र खरोखर घडते, आणि तिचा अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. बरीच वर्षं झाली. एका उद्यानाच्या उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मला बोलावणं आलं. कोनशिला बसवलेली होती, काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, आणि तिसऱ्या ओळीत कोरलेलं होतं ‘महापोर’. एक मात्रा राहिली होती. पत्रिकेच्या मुद्रितात मी ती तपासली होती, पण दगडाचा मजकूर कुणी तपासायलाच दिला नव्हता. ठेकेदार घाबरून दगड बदलायचं म्हणत होता, रात्रीत तसा दगड मिळणं शक्य नव्हतं. कोरणारा कारागीर शांत होता. त्याने ओल्या फडक्याने अक्षर पुसलं, नखाने जागा चाचपली आणि म्हणाला, “साहेब, मात्रा खाली यायची असती तर अडलो असतो. ही वर जाते. वर जागा हाय.” खडूने एक तिरकी रेघ ओढली, मला विचारलं, इथंच ना? मी हो म्हटलं. बारीक छिन्नीने वीस-पंचवीस ठोके, मग फुंकर, मग सोनेरी रंगाचा एक थेंब. जुन्या मात्रेशेजारी नवी मात्रा उभी राहिली. जवळून पाहिलं तर तिचा रंग अजून थोडा वेगळा दिसतो. त्या बागेवरून जाताना मी आजही थांबून बघतो.

त्या दिवसापासून मी दगडाचा मजकूरही मागून घेतो. तुम्ही शुद्धलेखनात हा शब्द घातलात तर पौ वरच्या दोन मात्रा मोठ्याने म्हणून घ्या. एक मात्रा गेली की शहराचा मोठा रहिवासी जातो आणि मोठं पोर उरतं.

आणखी दोन-तीन बारीक गोष्टी. महापौर हा एकच शब्द, ‘महा पौर’ असा तोडू नये. उपमहापौर हाही एकच. महापौरपद, महापौरनिवास हे जोडूनच. आदराने अनेकवचन वापरा, म्हणजे महापौरांचा, महापौरांनी. ‘मा.’ एकदाच पुरे, मा. श्री. सन्माननीय महापौर महोदय अशी गर्दी करू नये. मधली काही वर्षं आपल्या दोन्ही शहरांत निवडणुका झाल्या नव्हत्या, नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळातल्या कागदांवर महापौर हा शब्द नाही, फक्त प्रशासक आहे. मुलांना जुनी कात्रणं जमवायला सांगितलीत तर ही पोकळी त्यांना दिसेल, आणि ती का होती हा प्रश्न त्यांनी विचारावा.

पत्राचं सांगतो आणि थांबतो. मुलांच्या वर्गाने मिळून लिहावं, शाळेच्या कागदावर, वर तारीख घालून, म्हणजे दिनांक. प्रति, मा. महापौर, नवी मुंबई महानगरपालिका, मुख्यालय, बेलापूर. विषय एका ओळीत: शाळेसमोर रस्ता ओलांडण्यासाठी पांढरे पट्टे आणि गतिरोधक करण्याबाबत. मग महोदय किंवा महोदया, त्या वेळी पदावर कोण आहेत ते पाहून. मजकुरात शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ लिहा, त्या वेळी किती मुलं रस्ता ओलांडतात ते मुलांनीच दोन दिवस फाटकाशी उभं राहून मोजावं, आणि तो आकडा लिहावा. पदाचा मान म्हणून पत्र महापौरांना, पण पट्टे मारण्याचा आदेश निघतो दुसऱ्या टेबलावरून. म्हणून सह्यांच्या खाली डाव्या बाजूला ही ओळ विसरू नका: प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी, मा. आयुक्त. तिसरी प्रत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना. आणि महानगरपालिकेच्या आवक विभागात पत्र देताना आपल्याजवळच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक मुलांना वहीत लिहून ठेवायला सांगा, पुढच्या महिन्यात विचारायला जाताना लागेल.